पाठीमागचा रस्ता

शाळेत रुजू झाले त्या दिवशी मला आधी दिसली ती त्यांची पाठ. व्हरांड्यातून एक उंच, सडपातळ गृहस्थ उलटे चालत माझ्या दिशेनं येत होते. समोर सातवीची पोरं, त्यांच्याकडं तोंड, गळ्यात शिट्टी आणि पाय मागं मागं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. माझ्याजवळ आल्यावर न वळताच त्यांनी विचारलं, "नव्या बाई का? मागं कुंडी हाय का?"

"हाय," मी म्हणाले. घाबरल्यावर माझ्या तोंडून गावाकडचंच निघायचं.

ते एक पाऊल डावीकडं सरकले, कुंडी चुकवली आणि तसेच निघून गेले.

ते लेझीम शिकवायचे. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, मुसलमानाचं नाव असतं तसं, पण मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना वस्तादच म्हणत. मीही तेच म्हणणार आहे. पूर्ण नाव सांगायची वेळ आली की ते क्षणभर थांबायचे. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "नाव सांगितलं की माणसाचा चेहरा बदलतो. म्हणून आधीचा चेहरा नीट बघून घेतो. नंतर ओळखायला उपयोगी पडतो."

उलटं चालण्याचं कारण साधं होतं. लेझीमच्या पथकापुढं वस्ताद चालतो आणि पोरांची नजर त्याच्यावर असते. पण पोरांकडं पाठ केली तर कोणाचा पाय चुकला ते त्याला दिसणार कसं? म्हणून सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीत वस्ताद शाळेपासून चौकापर्यंत आणि चौकापासून परत शाळेपर्यंत उलटे चालायचे. गल्ल्या अरुंद, रस्ते कायम उकरलेले. मी पहिल्याच वर्षी विचारलं, "वस्ताद, मागचा रस्ता दिसत नाही, तर पडत कसे नाही?"

"रस्ता मी कशाला बघू? एवढं गाव कडेला उभं असतं, ते बघतंय की."

गाव खरंच बघायचं. "वस्ताद, गटार!" "वस्ताद, म्हैस बसलीया!" ओट्यावरून, गच्चीवरून, पानपट्टीवरून आवाज यायचे. विणकरांच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आजी तेलुगूत ओरडायच्या, तेही त्यांना कळायचं. आधी कोण ओरडतंय यावरून पोरांची पैज लागायची. वस्ताद आवाजाच्या हिशेबानं पाऊल टाकायचे, मान वळवायचे नाहीत. आदल्या दिवशी रस्ता पाहून ठेवा, असं कोणी सुचवलं तर त्यांना राग यायचा. "मग उलटं चालण्यात काय हाय? ते तर पाठांतर झालं."

मी सांगोल्याकडची. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. तालुक्याच्या शाळेत शिकलेलं माझं मराठी फळ्यावर ठीक असायचं, पण बोलताना 'न्हाय' आणि 'कुटं' निसटायचे आणि मागच्या बाकावर हसू फुटायचं. शिक्षकखोलीत तर हसण्याला प्रेमाचं वेष्टन असायचं. एका मॅडमनी एकदा विचारलं, "तुमच्यात मेंढरंच वळतात ना? मग तुम्ही शाळेत कशा हो आलात?"

तेवढ्यात कोपऱ्यातून 'टप्' असा मोठा आवाज आला. वस्तादांच्या डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची. भाकरी ते हातानं मोडत नसत, टेबलाच्या कडेवर आपटून मोडत. शिक्षकखोलीत तो न्यायाधीशाच्या हातोड्यासारखा आवाज होता.

"बाईंच्यात बी.ए. बी.एड. करतात," वस्ताद म्हणाले. "एक झाली. आता रांग लागंल." आणि त्या दिवसापासून ते शिक्षकखोलीत, मुख्याध्यापकांसमोरसुद्धा, ठासून 'न्हाय' म्हणू लागले. मला सोबत म्हणून, हे मला फार उशिरा समजलं.

'तुमच्यात' या शब्दाशी त्यांचं जुनं भांडण होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच मॅडमनी त्यांना विचारलं होतं, "वस्ताद, तुमच्यात दिवाळीला काय करतात?"

"आमच्यात म्हंजे? सोलापुरात?"

"नाही हो. तुमच्यात."

"पीटीच्या मास्तरांच्यात? झोपा काढतात."

"अहो, तुमच्यात!"

"शुगरवाल्यांच्यात व्हय? लाडू चोरून खातात."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. वस्ताद मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून कोणाकोणाच्या तोंडाकडं बघत होते. ते बघणं मला विसरता आलेलं नाही. थट्टा करणारा माणूस इतका सावध का असावा, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मला त्यांनी मुलींच्या पथकासाठी मदतीला घेतलं. आमच्याकडं ढोलावर धनगरी गजी नाच करतात, त्यामुळं ठेका माझ्या पायात होता. लेझीमचे हुकूम मात्र मला नवे होते. 'हुशियार', 'चार आवाज', 'आगे फलांग', 'दो रुख'. एका वर्षी एका पालकानं तक्रार केली की देशाच्या कार्यक्रमात पोरांना उर्दूत हुकूम कशाला. वस्तादांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "हे हुकूम मला माझ्या गुरुजींनी दिले. शेंडी ठेवायचे, संध्या केल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिले. तुम्ही बदलून द्या, मी तसे देतो. फक्त तुमचा पोरगा पुढच्या रांगेत हाय, त्याचा पाय चुकला तर मला सांगू नका." पालक पाणी पिऊन गेले. हुकूम तेच राहिले. पण ती तक्रार लेखी होती आणि मुख्याध्यापकांनी ती फाडली नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी जानेवारीत आमच्या भागात बिघडलं. कोणीतरी मोबाइलवर काहीतरी स्टेटस ठेवलं, कोणीतरी त्याचा फोटो काढून पसरवला, आणि संध्याकाळपर्यंत शटरं खाली आली. चौकात पोलिसांची गाडी उभी राहिली ती राहिलीच. दुकानं पुन्हा उघडली तरी लोक एकमेकांशी नुसतं कामापुरतं बोलू लागले. लेझीमच्या सरावाला पोरं कमी झाली. मुसलमान पालक म्हणाले, रस्त्यावर नको. हिंदू पालकांपैकी काही म्हणाले, त्यांच्या हाताखाली नको. 'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या, ते कोणी स्पष्ट बोललं नाही.

रांगांमध्ये भोकं पडली. मी पोरींना सरकवून रांग भरून घेऊ लागले, तर वस्तादांनी शिट्टी मारून थांबवलं.

"जागा तशाच ठेवा, बाई. येणारं पोर उभं कुटं राहील?"

आम्ही मोकळ्या जागा ठेवून सराव केला. ठेक्यावर सगळे वळायचे आणि त्या रिकाम्या जागाही आमच्याबरोबर वळायच्या.

मग दत्ता आला. चौकात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तो आमच्याच शाळेचा, वस्तादांच्याच पथकातला, एकेकाळी पुढच्या रांगेतला. आता गल्लीत कुठलीही गोष्ट त्याला विचारून होते. बरोबर दोघं होते. मुख्याध्यापकांनी वस्तादांना आणि मला बोलावून घेतलं.

दत्तानं आधी वाकून वस्तादांच्या पायाला हात लावला. मग खुर्चीत बसला. "सर, आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास हाय. तुम्ही त्यातले न्हाय, हे आमाला माहीत हाय की."

"कशातला न्हाय?"

दत्ता हसला. "सोडा की, सर. विषय एवढाच हाय, लोक बोलायलेत. यंदा फेरीच्या पुढं तुम्ही नको म्हणतेत. मी त्यांना म्हटलं, आमच्या वस्तादांबद्दल बोलायचं काम न्हाय. पण तोंडं बंद करायला एक करू. चौकात माईक ठेवतो. तुम्ही फेरी थांबवायची, पब्लिककडं तोंड करायचं आणि तीन घोषणा द्यायच्या. एकट्यानं. आम्ही व्हिडिओ काढतो, ग्रुपवर टाकतो. विषय संपला."

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, वस्ताद," मुख्याध्यापक म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

वस्ताद दत्ताकडं बघत होते. "घोषणा मी दरवर्षी देतो. तू पुढच्या रांगेत होतास तेव्हा तुझ्याबरोबर दिल्यात. यंदाही पोरांबरोबर देणार."

"तेच म्हणतोय, सर. तेच फक्त एकट्यानं."

"एकट्याकडून मागतात तो जबाब असतो, दत्त्या. घोषणा सगळे मिळून देतात."

दत्ताबरोबरचा एकजण, जो आतापर्यंत मोबाइल बघत होता, मान वर करून म्हणाला, "म्हंजे देणार न्हाय तर. सरळ सांगा की."

"मी काय म्हणालो ते सरळच हाय."

"ठीक," तो म्हणाला, आणि माझ्याकडं वळला. "या बाई हायत की. ह्यांनी मारावी शिट्टी. घरचंच माणूस."

सगळे माझ्याकडं बघू लागले. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मुख्याध्यापक डोळ्यांनी 'हो म्हणा' असं विनवत होते.

"मला उलटं चालता येत न्हाय," मी म्हणाले.

वस्तादांच्या मिशीखाली काहीतरी हललं. दत्ता उठला. दारात थांबून म्हणाला, "सर, मग काय झालं तर आमच्याकडं बोट दाखवू नका."

"न्हाय दाखवत," वस्ताद म्हणाले. "पण खड्डा आला तर सांगशील ना?"

दत्ता चपला घालून निघून गेला.

फेरीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ते विणकरांच्या गल्लीतच राहायचे. मुलगा पुण्याहून रोज फोन करून म्हणत होता की ही गल्ली सोडा, आपल्या लोकांत जागा बघा. वस्तादांचं एकच उत्तर, "त्या आजीबाई ओरडतात ते काय परक्याला ओरडतात?" त्यांच्या पत्नीनं मला आत बसवलं, चहा दिला आणि दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमीच बोलो इनकू. मेरा सुनतेच नै. बुखार आया बोलको घरमें बैठो बोली, तो बोलते, सव्वीस जानेवारीकू बुखार कैसा आता. कमसे कम रस्ता तो देखको आओ बोली. वो भी नक्को."

वस्ताद अंगणात लेझमींच्या साखळ्यांना तेल देत होते. मी म्हणाले, "वस्ताद, या वर्षी तरी सरळ चाला."

त्यांनी लेझीम हलवून आवाज ऐकला. "बाई, एवढी वर्षं गावाच्या भरवशावर चाललो. आता शेवटच्या वर्षी वळून बघितलं, तर भरवसा नव्हता असंच ठरंल की. मला कळायला पायजे."

"आणि कोणी ओरडलंच नाही तर?"

त्यांनी साखळीवर तेलाचा आणखी एक थेंब सोडला. "तर पडीन. मग पुण्याला पोरगं म्हणतंय ते खरं, असं समजीन."

सकाळी आम्ही शाळेतून निघालो. हलगी वाजत होती. पुढं वस्ताद, पांढऱ्या पँटशर्टात, पोरांकडं तोंड करून. मी मुलींच्या शेवटच्या रांगेजवळ. विणकरांच्या गल्लीत आजीबाईंचं दार बंद होतं. त्या आजारी होत्या की घरच्यांनी आत ठेवल्या होत्या, ते कळलं नाही. ओट्यांवर माणसं होती, पण आवाज नव्हता. गतिरोधक आला. कोणी बोललं नाही. वस्तादांची टाच अडली, ते तोल जाऊन हेलपाटले, आणि शिट्टी तोंडातून न सोडता सावरले. पुढच्या रांगेतल्या एका पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. शिट्टी चालू असताना बोलायचं नाही, लेझीम थांबवायची नाही, हा त्यांचाच नियम, आणि पोरं तो पाळत होती.

ज्यांच्या घरी 'रस्त्यावर नको' म्हणाले होते, त्यांतली दोन मुलं गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ती पळत आली आणि आपापल्या मोकळ्या जागेत घुसली. वस्तादांनी फक्त भुवई उचलली.

चौकात दत्ता आणि त्याची माणसं रस्त्यावर आडवी उभी होती. माईक स्टँडवर लावलेला. मोबाइल वर केलेले. वस्ताद वळतील, याची ते वाट बघत होते. वस्ताद वळले नाहीत. त्यांना ती माणसं दिसतच नव्हती, दिसत होती फक्त पोरं. शिट्टी, ठेका, एक पाऊल मागं. शिट्टी, ठेका, एक पाऊल मागं. त्यांची पाठ त्या माणसांच्या अगदी जवळ आली, तेव्हा कोणीतरी माईक उचलून बाजूला घेतला आणि माणसं दोन्ही कडांना सरकली.

त्यांच्यामागं चर होता. पाण्याच्या पाइपासाठी आदल्या संध्याकाळी खणलेला, कमरेइतका खोल, रस्ताभर आडवा, एका कडेला फळी टाकलेली. माणसं उभी होती तोवर आमच्यापैकी कोणाला तो दिसला नव्हता. आता दिसला. मी ओरडले, पण हलगीत आणि लेझमींत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी रांगेच्या कडेनं पळत सुटले. मोबाइल वरच होते. एक पाऊल मागं. अजून एक.

"वस्ताद, खड्डा!"

आवाज दत्ताचा होता. पुढच्या रांगेतल्या पोराचा असावा तसा, पातळ आणि घाईचा.

वस्ताद थांबले. टाचेखालची माती चरात घरंगळली. त्यांनी मान वळवली नाही. "डावीकडं का उजवीकडं?" त्यांनी शिट्टी बाजूला करून विचारलं.

"उजवीकडं फळी हाय," दत्ता म्हणाला. आणि मग हळूच, "सर."

वस्ताद उजवीकडं सरकले, फळीवरून उलटे गेले आणि एकेक रांग मोडून पोरांना पलीकडं घेतलं. चौकाच्या मध्यावर हलगी थांबवली. पोरांनी घोषणा दिल्या. वस्तादांनी त्यांच्याबरोबर दिल्या, नेहमीसारख्या, शेवटच्या अक्षराला आवाज फुटत. कडेच्या माणसांपैकी कोणी कोणी साथ दिली. दत्ता त्यात होता की नाही, मला दिसलं नाही.

दुपारपर्यंत व्हिडिओ फिरला. चौकातला, वस्ताद पाठ करून येतात तेवढाच. खाली लिहिलं होतं, 'घोषणा मागितली, देशाला पाठ दाखवली.' मूळ आवाज काढून वर एक देशभक्तीचं गाणं टाकलं होतं. कोणी टाकला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुख्याध्यापकांना फोन येत राहिले. मी रडकुंडीला येऊन तो वस्तादांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला.

"तिसऱ्या रांगेतली ती पोरगी उजव्या पायानं सुरुवात करतीया," ते म्हणाले. "सांगायचं तिला."

"वस्ताद, लोक काय म्हणतायत ते वाचलंत ना?"

"वाचलं." मोबाइल मला परत दिला. "आवाज काढून टाकलाय. म्हंजे आवाज झाला होता, हे त्यांना बी माहीत हाय."

त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभ छोटा झाला. शाल कोणी आणायची यावरच दोन दिवस चर्चा चालली होती. विणकरांची गल्ली मात्र त्यांनी सोडली नाही. शिट्टी त्यांनी मला दिली. मी पावसाळाभर शाळेच्या मैदानात उलटं चालायला शिकले. दोनदा पडले, एकदा तर मुख्याध्यापकांच्या अंगावर.

पुढच्या सव्वीस जानेवारीला पथकापुढं मी होते. चौक जवळ आला तसे माझे खांदे आखडले. मागं माणसांची कुजबुज होती, मोबाइल असतील, दत्ताचं दुकान तर होतंच. पोलिसांची गाडीही होती. ठेका चालू होता. न राहवून मी मान वळवायला लागले.

"बाई!" गर्दीतून वस्तादांचा खणखणीत आवाज आला. "पोरांकडं बघा. मागं आमी हाय की!"